प्लायवूडची ओसरी

कीलमधल्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या तळघरात
'हवामान, जुने नकाशे' असं लिहिलेल्या डब्यांतून
निघाली ही फिल्म.
व्हीबके हार्म्सचा फोन आला. म्हणाली,
त्या वेळचं कुणी उरलं नाही,
तुम्ही तेवढे आहात. येता का ओळखायला?

गेलो काठी टेकत.
पडद्यावर आधी खरखर, पांढरे किडे,
मग एकदम
माझी ओसरी.

हो, माझीच. एकोणीस वर्षांचा होतो,
त्रेसष्टचा डिसेंबर, बंदराच्या कडेला पाणी गोठलेलं.
दिग्दर्शकानं मासिकातून फाडलेलं एक चित्र हातात दिलं:
मोडकी पायरी, कललेला खांब, दाराशी खुर्ची.
म्हणाला, अमेरिकेतून गाणारे येताहेत, दक्षिणेकडचे,
त्यांना घरच्यासारखं वाटलं पाहिजे.

तीन रात्री जागून
कोऱ्या फळ्या मी जुन्या केल्या.
तारेचा ब्रश, चहाचं पाणी, काजळी.
मोडकं घर कसं दिसतं
हे कुणी शिकवायची गरज नव्हती,
आमची अख्खी गल्ली बॉम्बनं तशी केलेली होती.
कापसाची झाडंही माझीच: बर्चच्या काटक्या,
टोकाला औषधांच्या दुकानातला कापूस,
सरसानं चिकटवलेला.

ते आले. टाय, इस्त्रीची पँट, चकचकीत बूट.
लेम्युएल टार्प्ली. होझिया बिकेट. आणि ओडेसा क्रूम बाई,
अंगात रेशमी झगा,
पडद्यावर करडा दिसतो, पण हिरवा होता, लिहून घ्या.
ओसरीपाशी येऊन थांबले.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मला वाटलं, आवडली.

मग बाईंनी हात लांबवून
एक बोंड खुडलं.
तीन बोटं, एक हिसका,
इतक्या सवयीनं की तिकडे पाहिलंसुद्धा नाही.
बोटांनाच कळलं, हा दवाखान्यातला.
हसल्या. एकट्याच.
त्याच कापसानं ओठांवरचा जास्तीचा रंग टिपला
आणि तो पर्समध्ये टाकला.
फिल्ममध्ये हे नाही. फिल्म त्यानंतर सुरू होते.
पण बघा, डावीकडून दुसरं झाड,
एक बोंड कमी आहे.

टार्प्ली बसण्याआधी फळ्या पायानं चाचपत फिरला,
घोडा घेणारा दात बघतो तसा.
एक फळी कुरकुरली.
साउंडवाला ओरडला, मी हातोडी घेऊन धावलो,
गुडघे टेकले, खिळा धरला,
आणि फळीच्या नेमक्या त्या जागी
त्यानं बूट ठेवला.
काढेना.
वर पाहिलं, तर त्यानं मान हलवली: नको.
दुभाषीण जेवायला गेली होती.
एवढंच आमचं बोलणं.

आता ऐक, व्हीबके, आवाज वाढव.
गिटार नाही, त्याच्या खाली.
तो श्वास घेतो तिथं, प्रत्येक ओळीच्या टोकाला
टाच दाबतो.
कुर्र.
माझी चूक तालात धरलीय त्यानं.
साठ वर्षं, नकाशांचं नाव लावून,
अंधारात बंद होती ती.

व्हीबके फॉर्म भरते. गाणी किती, कोण कोण.
मध्येच विचारते,
वाटलं का हो त्यांना घरच्यासारखं?

काय सांगू.
एवढा समुद्र ओलांडून आलेल्या माणसांपुढे
ते जिथून निघाले तीच पायरी
मी खिळे ठोकून मांडली,
वर कापूसही लावला.

शेवटचं गाणं संपतं. होझिया बास आडवा ठेवतो,
दमलाय, खांबाला टेकू पाहतो,
खांब डुगडुगतो.
तो हात काढून घेतो, कोट नीट करतो,
सरळ उभा राहतो.
पोकळ होता खांब. मला ठाऊक होतं,
सांगितलं नव्हतं.

सजावट, डेटलेफ ओलसेन,
असं लिहितेस?
नको, खोड ते.
फळी, एवढंच लिही.
आणि पुन्हा लाव,
पहिल्यापासून नको,
ती कुरकुरते तिथून.